लग्नाचे फोटो परत मिळाले, स्वयंपाकघर नाही मिळालं

२०१९ च्या ऑगस्टमधे पाणी वाढायला लागलं तेव्हा आम्ही टीव्ही, गाद्या, धान्याचे डबे असं हाताला लागेल ते वर नेलं आणि फोटोंची पत्र्याची पेटी कॉटखाली तशीच राहिली. आमचं घर सांगलीत गावभागात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ओसरल्यावर परत आलो तर भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ, आणि पेटी उघडली तर सगळ्या अल्बमची मिळून एक वीट झालेली.

आम्ही काय केलं, ती वीट तशीच गच्चीवर उन्हात ठेवली. तिथंच सगळं गेलं. फोटोवर जिलेटिनचा थर असतो, तो भिजला की मऊ होतो आणि वाळताना शेजारच्या फोटोला कायमचा चिकटतो, म्हणून ओले असतानाच स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळूहळू सोडवायचे आणि चित्राची बाजू वर करून सुटे सुटे वाळवायचे असतात. हे मला नंतर कळलं, नदीकाठी राहणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत पाहिजे म्हणून मुद्दाम लिहितेय.

मग नातेवाईकांना फोन केले. लग्नाचे फोटो मिरजेच्या आत्याकडं होते, बारशाचे साताऱ्याच्या मामाकडं, महिनाभरात बरेच परत गोळा झाले. पण आमचं रोजचं घर कुणाकडंच नव्हतं! सोप्यातला झोपाळा, आजीची चुलीची जागा, बाबा सायकल लावायचे तो बोळ. ते कोण कशाला काढेल आणि काढलं तरी दुसऱ्याला कॉपी कशाला देईल. आत्याकडं दादाच्या मुंजीचा १९९४ चा एक फोटो होता, त्यात मागं न्हाणीचं दार अर्धं उघडं आहे, दारातून तांब्याचा बंब अर्धा दिसतो आणि बंबाशेजारी आजीचं कोपर, हिरव्या बांगड्या. बस एवढंच. आईनं तो मोबाईलवर घेतला आणि दोन बोटांनी मोठा करत करत बघत बसली, तोटीला बांधलेली चिंधी दिसतेय का म्हणून. दिसली. "अगं ही बघ, गळायचा ना तो," म्हणाली आणि किती तरी वेळ तसाच धरून बसली.

त्यानंतर १ जानेवारी २०२० पासून मी रोज एक फोटो काढते, मोबाईलवरच. आपल्या घरातला, गल्लीतला, जो एरवी कुणी काढणार नाही असा. त्याच दिवशी काढायचा, कुणाला नीट बसवायचं नाही, आवरायचं नाही. न्यूयॉर्कमधे जेमी लिव्हिंगस्टन नावाचा माणूस होता, तो ३१ मार्च १९७९ पासून रोज एक पोलरॉइड काढायचा, २५ ऑक्टोबर १९९७ ला तो वारला त्या दिवसापर्यंत, म्हणजे १८ वर्षं. त्याच्याबद्दल वाचलं तेव्हा मला फार धीर आला.

सुरू करून तीन महिने झाले नाहीत तोवर लॉकडाऊन लागला. मग काय, खिडकी, गच्ची, भाजीच्या पिशव्या, धुऊन दोरीवर वाळत घातलेले मास्क. तेव्हा वाटायचं तेच तेच होतंय, आता बघताना त्यातला एकही काढून टाकवत नाही.

माझा सगळ्यात आवडता फोटो भिंतीवरच्या कालनिर्णयचा आहे. आई दुधाचे खाडे त्यावर लिहिते. १४ च्या चौकोनात "दूध नाही", १७ ला "सिलेंडर लावला", २२ ला "अर्धा ली. जास्त, पाहुणे", आणि महिना संपायला आल्यावर खाली कोपऱ्यात बेरीज, खोडून परत केलेली. आईचा ७ कसा असतो, मधे आडवी रेघ मारलेला, ते त्यात आहे. डिसेंबर संपला की कॅलेंडर रद्दीत जातं आणि आम्ही घरात सगळे मिळून काय जगलो ते त्याच्याबरोबर जातं. हळदीच्या सीझनमधे मार्केट यार्डातून घरी आलेल्या काकांचा पण एक आहे, शर्ट झटकलाय तरी मनगटाच्या घडीत पिवळं राहिलंय.

एक सांगते, नुसता मोबाईलमधे ठेवू नका. एक फोटो ३ एमबीचा धरला तरी वर्षाला साधारण १ जीबी होतो, म्हणजे काहीच नाही, एक कॉपी दुसऱ्या गावात कुणाकडं तरी असू दे. माझी बहिणीकडं पुण्यात आहे. शिवाय दर महिन्याला थोडे प्रिंट काढते, मागं तारीख आणि एक ओळ लिहिते, आणि प्लॅस्टिकच्या डब्यात माळ्यावर ठेवते. २०२१ च्या जुलैत परत पाणी घरात आलं तेव्हा डबा वरच होता.

सुरुवातीला आई "केस विंचरले नाहीत" म्हणून तोंड फिरवायची. आता तीच सांगते, जुनं काही टाकायचं असलं की आधी मला हाक मारते. सकाळी म्हणाली, "मिक्सरचं झाकण फुटलंय, आज टाकतेय, ये लवकर." ओट्यावर ठेवलं होतं, चिरेवर चिकटपट्टी, कडेला चटणीचा वाळलेला हिरवा ठिपका. आजचा फोटो तो आहे.