ओव्हलच्या गवतावर एक चेंडू

आदल्या रात्री मामाचा फोन आला. "सकाळच्या डेक्कन क्वीनने ये आणि येताना टेनिसचा एक चेंडू आण. नवा नको, थोडा झिजलेला." कशाला, ते सांगितलं नाही.

१३ जुलै २०२५, रविवार. रात्री साडेआठला विम्बल्डनची फायनल, कार्लोस अल्काराझ विरुद्ध यानिक सिनर. ती गिरगावात मामाच्या शेजारी बसून बघायची म्हणून मी पुण्याहून निघालो. घाटात ढग रुळांपर्यंत उतरले होते. सीएसएमटीला उतरलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. फॅशन स्ट्रीटवरचे दुकानदार ताडपत्रीत साचलेलं पाणी काठीने ढकलून देत होते. त्यांच्यामधून वाट काढत ओव्हल मैदानावर पोचलो, तर मामा छत्री टेकून फाटकाशी उभा.

"तू अल्काराझचा ना?"

"हो. ओळीने पाच वेळा हरवलंय त्याने सिनरला. शिवाय सलग चोवीस सामने जिंकून आलाय."

"आणि गवतावर किती वेळा गाठ पडली त्यांची?"

एकदाच. २०२२ साली, विम्बल्डनच्याच चौथ्या फेरीत. सिनर चार सेटमध्ये जिंकला होता. मी गप्प झालो, आणि मामाने चेंडू मागून घेतला.

ओव्हलच्या मधून जी पायवाट जाते तिच्यावर त्याने चेंडू खांद्याच्या उंचीवरून सोडला. चेंडू मांडीपर्यंत वर आला. मग तो चार पावलं गवतात गेला आणि तसाच सोडला. या वेळी नडगीच्या वर काही आला नाही. "हे तर नुसतं सोडणं झालं," म्हणत त्याने हात खाली घेतला, मनगटाला हलका पीळ दिला आणि चेंडू तिरपा फेकला. स्लाइसचा चेंडू, म्हणजे उलटा पीळ देऊन कापलेला. गवतावर पडला, पाण्याची बारीक रेघ उडाली आणि चेंडू न उसळताच पुढे सरपटत गेला. मला उचलून आणायला पंधरा पावलं चालावं लागलं. हातात घेतला तर एका बाजूची लव भिजून चप्प बसली होती आणि तिला हरळीची दोन पाती चिकटली होती, गणपतीला वाहतो तीच दूर्वा.

पावसाळ्यातलं ओव्हल म्हणजे विम्बल्डनचं सेंटर कोर्ट नव्हे, हे मामाही जाणतो. तिथलं राय गवत ८ मिलिमीटरवर कापलेलं असतं आणि खालची जमीन दाबून टणक केलेली असते. २००१ पासून तिथे निव्वळ रायच पेरतात. त्याआधी त्यात फेस्क्यू गवताची भेसळ असे. नवं गवत जास्त चिवट, जमीनही घट्ट, त्यामुळे टप्पा पूर्वीपेक्षा खरा आणि थोडा उंच येतो. सर्व्हिस करून नेटकडे धावणाऱ्यांचे दिवस त्यानंतर सरत गेले. तरीही लाल मातीच्या तुलनेत चेंडू खालीच राहतो आणि टप्प्यानंतर त्याचा वेग फारसा मरत नाही.

मामाचं म्हणणं असं, की टेनिसमध्ये दोन खेळाडूंची जोडी जुळते किंवा जुळत नाही ती टप्प्याच्या उंचीवर. रँकिंगचा नंबर त्यानंतर. मला हे पटतं, आणि त्यासाठी फेडरर-नादालपेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही. नादालचा डावखुरा टॉपस्पिन, म्हणजे पुढे गरगरत उसळणारा फटका, मातीवर फेडररच्या एकहाती बॅकहँडला खांद्याच्या वर यायचा. मातीवर नादाल १४-२. तोच फटका गवतावर कमरेशी यायचा, आणि तिथे फेडरर ३-१. माणसं तीच, रॅकेटही तीच. म्हणून तर २००८ ची विम्बल्डन फायनल, ४ तास ४८ मिनिटांची, मला इतकी मोठी वाटते. पाचव्या सेटमध्ये ९-७ ने नादाल जिंकला तो अशा जमिनीवर, जिथे त्याचं सगळ्यात मोठं हत्यार अर्धं बोथट व्हायचं.

बोलत बोलत ब्रेबॉर्न स्टेडियमपाशी आलो. एप्रिल २००६ मध्ये इथेच, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या हिरवळीवर, भारताने पाकिस्तानला डेव्हिस कपमध्ये ३-२ ने हरवलं होतं. मामाने मला नेलं होतं. गवतावर टेनिस मी डोळ्यांनी पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा. ऊन आठवतं, आणि आवाज आठवतो. टीव्हीवर टप्प्याचा आवाज येतो, तिथे तो जवळजवळ येतच नव्हता. नुसती रॅकेटची थाप. चेंडू जणू कापसावर पडत होता.

मरीन ड्राइव्हवर भरती होती. जिमखाने मागे टाकत चौपाटीपर्यंत चाललो. वाटेत मामा रामनाथन कृष्णनांबद्दल बोलत राहिला. विम्बल्डनची उपांत्य फेरी दोनदा, १९६० आणि १९६१. पहिल्यांदा नील फ्रेझरने अडवलं, दुसऱ्यांदा रॉड लेव्हरने, आणि दोघांनीही पुढे त्या त्या वर्षी विजेतेपद मिळवलं. १९६१ मध्ये कृष्णननी रॉय एमर्सनला हरवलं होतं. "ताकद नव्हती रे त्यांच्या हातात, स्पर्श होता. गवताला स्पर्श कळतो." हे म्हणताना मामा थांबला होता. चालता चालता बोलून टाकावं असं ते वाक्य नव्हतं.

मामीने अळूवड्या तळल्या होत्या. जेवण, झोप, पुन्हा पाऊस. साडेआठला शेजारचे दोघं खुर्च्या घेऊन आले.

पहिला सेट अल्काराझने ६-४ घेतला. मी मामाकडे पाहिलं, तो टीव्हीकडेच पाहत होता. दुसऱ्या सेटपासून मला ओव्हलवरचा चेंडू दिसायला लागला. अल्काराझचा फोरहँड मातीवर जसा समोरच्याला मागे रेटतो तसा रेटत नव्हता. सिनर बेसलाइन, म्हणजे कोर्टाची मागची रेघ, सोडत नव्हता, टप्पा उठताच सपाट फटका मारत होता, आणि सपाट मारणाऱ्याला गवत आणखी वेग देतं. ६-४. पुन्हा ६-४.

चौथ्या सेटमध्ये सिनर ४-३ ने पुढे, स्वतःच्या सर्व्हिसवर १५-४०, म्हणजे ती सर्व्हिस मोडायला अल्काराझला दोन संधी. खोलीत कुणी हललं नाही. पाच आठवड्यांपूर्वी पॅरिसमध्ये, फ्रेंच ओपनच्या फायनलला, याच सिनरच्या हातून तीन चॅम्पियनशिप पॉइंट, म्हणजे एका गुणात विजेतेपद मिळवायच्या तीन संधी, निसटले होते, ५ तास २९ मिनिटांनी अल्काराझ जिंकला होता. मला वाटलं, पुन्हा तेच होणार. मनातून मला तेच हवंही होतं.

दोन्ही पॉइंट सिनरने वाचवले.

त्याने शेवटचा गेम सर्व्हिसवर संपवला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. चौथा सेटही ६-४. विम्बल्डन एकेरी जिंकणारा पहिला इटालियन. शेजारी खुर्च्या उचलून गेले. मामाने खिडकीच्या कट्ट्यावर वाळत ठेवलेला चेंडू घेतला, त्याची बसलेली लव अंगठ्याने उलटी फिरवून पाहिली आणि माझ्या पिशवीत टाकला.

"अजून ओला आहे," तो म्हणाला. "पुण्याला गेल्यावर उन्हात ठेव."