तुम्ही विचारलंत म्हणून: घरोघरी फोन असताना दारोदार कशाला?

प्रश्न ठरलेला असतो. बायकांच्या तब्येतीची पाहणी घेऊन गावात गेलं की पारावरचं कुणीतरी, बहुधा चार बुकं शिकलेला पुरुष, हमखास म्हणतो, "घरटी दोन-दोन फोन हायत की ओ. लिंक पाठवा, बायका भरतील. उन्हातान्हाचं दारोदार कशाला हिंडताय?"

घरात फोन असणं वेगळं आणि बाईच्या हातात असणं वेगळं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं, की तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल आहे का? देशभरात हो म्हणणाऱ्या निघाल्या ५४ टक्के. आपल्याकडे तर आणखी एक गंमत आहे. विटा-आटपाडी भागातले कितीतरी पुरुष गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी परराज्यात असतात, पाटण-जावळीकडचे माथाडी कामाला मुंबईत. यादीत बाईच्या नावापुढे नंबर असतो, पण तो खणखणतो कोइमतूरला नाहीतर मशीद बंदरला. दिवाळीनंतर उसाच्या फडात येणाऱ्या टोळ्यांचं विचारूच नका. सगळ्या कोप्यांना (त्यांच्या झोपड्यांना) मिळून मुकादमाचा एक नंबर.

म्हणून यादी हातात आली की पहिलं काम नंबरांचा रकाना क्रमाने लावायचा. सासू आणि दोन जावा अशा तिघींपुढे एकच नंबर निघतो. कधी तो आशाताईंचाच असतो, कारण रकाना मोकळा ठेवून त्यांना चालत नाही. दारात गेल्यावरही "फोन आहे का" असं विचारायचं नाही, त्याला "हो" हेच उत्तर येतं. काल फोन आला तो कुणी उचलला, रिचार्ज कोण मारतं, रात्री चार्जिंगला कुठल्या खोलीत असतो, लॉक कुणाला माहीत आहे, हे विचारायचं. चार प्रश्नांत फोन कुणाचा ते कळतं.

लिंक पाठवली तर एका दिवसात तीनशे फॉर्म भरून येतील, यात शंका नाही. पण ते भरतं कोण? जिचा स्वतःचा फोन आहे, जिला वाचता येतं, जिला दुपारी दहा मिनिटं उसंत आहे ती. अशा तीनशे जणींवरून तालुक्यातल्या बायका मजेत आहेत असा निष्कर्ष निघेल, आणि आकडा मोठा म्हणून तो खराही वाटेल. आमच्या मते हा न केलेल्या पाहणीपेक्षा वाईट प्रकार.

आता शब्दांकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. मनाची तब्येत तपासायला पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली जगभर वापरतात. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे, प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज जास्तीत जास्त २७. दहा किंवा पुढे गेली की डॉक्टरांनी बघायला हवं असं धरतात. तो आजाराचा शिक्का नव्हे, पुढची तपासणी हवी एवढाच इशारा. पहिलाच प्रश्न साधारण असा: कामात रस किंवा आनंद न वाटणे. तासगावच्या द्राक्षबागेत रोजानं जाणाऱ्या बाईला हे वाचून दाखवा. ती म्हणेल, "रसाचं काय घिऊन बसलाय ताई? रस असू दे नायतर नसू दे, इरळणी थांबतीया व्हय?" आणि कागदावर गुण पडतो शून्य, म्हणजे त्रास नाही. बाई खोटं बोललेली नाही. तिच्या लेखी काम ही आवडीनिवडीची गोष्टच नाही. हाच प्रश्न तिच्या हौसेच्या गोष्टींवर नेला, म्हणजे रांगोळी, मालिका, शेजारणीच्या ओट्यावर टेकणं, हळदीकुंकवाला जाणं, तर मग ती थांबते आणि विचार करून उत्तर देते.

पण हे समजावणं ज्याने त्याने आपल्या मनाने करायचं नाही. दहा पाहणीकर्त्यांनी दहा तऱ्हांनी समजावलं की दहा वेगळ्या प्रश्नावल्या होतात आणि बेरजा एकमेकींशी ताडता येत नाहीत. रीत अशी: मराठी भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या माणसाकडून ते उलट इंग्रजीत करून घ्यायचं, फरक कुठे पडला ते बघायचं. मग त्याच भागातल्या आठ-दहा जणींना प्रश्न वाचून दाखवून "तुम्हाला काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा" म्हणायचं. त्यातून जोडवाक्य, म्हणजे प्रश्नाला जोडून म्हणायचं समजावणीचं वाक्य ठरतं, ते कागदावर छापलं जातं आणि सगळ्यांनी तेवढंच म्हणायचं. या एका पायरीला महिना जातो. ती गाळली की बाकी सगळं मुसळ केरात.

"मानसिक" हा शब्द तोंडातून गेला की दार बंद. "म्हंजे मी खुळी हाय व्हय?" त्यापेक्षा "जिवाला चैन", "डोकं उठणं", "छातीत धडधड", "काही नकोसं होणं" ही तिची भाषा. हंगामाचीही नोंद हवी. थकवा, झोप, भूक हे तिन्ही प्रश्नावलीत आहेत आणि ऑक्टोबर छाटणीनंतर धावपळीच्या दिवसांत थकलेलं कोण नसतं? तारीख न पाहता दोन गावांची बेरीज ताडली तर एक गाव उगाच दुःखी ठरतं.

नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा. तो लिंकवर कधीच पाठवू नये. तिने रात्री अकराला "जवळजवळ रोज" यावर बोट ठेवलं, तर ते उत्तर कुणी उघडेपर्यंत तसंच पडून राहील. समोर माणूस असेल तर तिथेच प्रश्नावली थांबते, बोलणं सुरू होतं, टेलि-मानस या मनाच्या तब्येतीसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला जातो आणि पर्यवेक्षकाला त्याच दिवशी कळतं.

समोर बसल्यावर ऐकणारे कान दिसतात, हाही एक फायदा. सासूबाई शेंगा फोडत तिथेच बसलेल्या असतात. अशा वेळी दोघी जणी गेलेल्या असाव्यात. एकीने रक्तदाबाचं मशीन काढून म्हणायचं, "आत्या, तुमचंबी बघू का?" नीट बघायचं तर पंधरा मिनिटं सहज जातात: पाच मिनिटं टेकून शांत बसवायचं, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीला टेकवलेला, बोलायचं नाही, मिनिटाभराच्या अंतराने दोन-तीनदा मोजायचं. पट्टा ब्लाउजच्या बाहीवर बांधायचा नाही आणि घट्ट बाही वर सरकवून दंडाला काचूही द्यायची नाही. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा चढा येतो आणि म्हातारी उगाच घाबरते. १४० वर ९० किंवा जास्त आला तर चिठ्ठी देऊन आरोग्य केंद्रात पाठवायचं, एका मोजणीवर "तुम्हाला बीपी आहे" म्हणायचं नाही. तोवर सून पलीकडच्या सोप्यात मोकळेपणी बोललेली असते.

बोटातून रक्त काढून हिमोग्लोबिन बघणं तर फोनवर होणारच नाही. पहिला थेंब पुसून टाकायचा, बोट पिळायचं नाही. पिळलं की पेशींभोवतालचं पाणी मिसळतं आणि आकडा खाली येतो. खुरप्याने घट्टे पडलेल्या बोटाला टोचण्याआधी ते कोमट पाण्यात धरलं तर पिळायची वेळ येत नाही. एरवी १२ ग्रॅम आणि गरोदरपणी ११ ही सीमारेषा. तिच्या काठावर असलेली बाई पिळण्यानेच पंडुरोगी ठरू शकते.

फोनला आमचा विरोध नाही. पहिली भेट दारात झाली की पुढच्या खेपा फोनवर उत्तम होतात: बाळंतपणानंतरची विचारपूस, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का, काळी शी होते म्हणून सोडल्या का. त्यासाठी भेटीतच ठरवून घ्यायचं, की कोणती वेळ बरी, ती मिस्ड कॉल देईल का, दुसऱ्या कुणी उचलला तर काय बोलायचं. पाहणीचं नावच "कुटुंबाच्या आरोग्याची पाहणी" असलं की खोटं बोलावं लागत नाही. प्रश्न असे, की तिने फक्त "हो", "नाही" किंवा "दोन", "तीन" म्हणावं. शेजारी बसलेल्याला त्यातून काही लागत नाही. व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप टाकायचा नाही, तो घरात मोठ्याने वाजतो.

ई-संजीवनीचं, म्हणजे दुरून डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेचंही तेच. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी शेजारी बसून डॉक्टर जोडून देतात, तेव्हा ती सेवा चांगली चालते. अडतं ते आभा क्रमांक, म्हणजे आरोग्याच्या नोंदींसाठीचा सरकारी ओळख क्रमांक काढताना. आधारला जोडलेल्या नंबरावर ओटीपी जातो, आणि तो नंबर असतो कोइमतूरला. बाई फोन लावून आकडे विचारते आणि पलीकडून आधी प्रश्न येतो, "दवाखान्यात कशाला गेलीस?" अशा वेळी तिथल्या ताईंनी आभाचा आग्रह धरू नये, आजची तपासणी पुरी करावी आणि क्रमांक पुढच्या खेपेला काढावा.

लिंक आम्हीही पाठवतो, आशाताईंना, नर्सिंगच्या मुलींना, मिरज-कराडच्या कॉलेजांत. बाकीच्या बायकांच्या घरी दुपारी दोननंतर जातो, भांडी आवरलेली असतात आणि वैरणीला जायला अजून अवकाश असतो.