आठवी 'ब'मधला अविश्वास ठराव

डिसेंबरात अधिवेशन सुरू झालं की आमच्या वर्गात पहिल्या तासाला अर्धे बाक रिकामे. १९५३च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी इथे होतं, आणि मोर्च्यांपायी सीताबर्डीकडचे रस्ते अडतात. राज्यशास्त्र शिकवायला मात्र याच्यासारखा महिना नाही. मुलं घोषणा देतच वर्गात शिरतात.

त्या दिवशी अविश्वास ठराव शिकवला. लोकसभेत तो दाखल करून घ्यायला ५० सदस्यांचा पाठिंबा लागतो, मंजूर झाला तर अख्खं मंत्रिमंडळ जातं, वगैरे. १९९९ साली वाजपेयींचं सरकार विश्वासदर्शक ठरावावर एका मताने पडलं, हे ऐकून वर्ग जागा झाला. मागून एक मुलगी उठली.

"मॅडम, आमचा पण ठराव आहे. मॉनिटरवर."

आरोप गंभीर होता. "तो दोस्तांचे नावं फळ्यावर लिहूनच नाही राहिला!"

मी अध्यक्ष झाले. मॉनिटरने बचाव केला, "माझे दोस्त हळू बोलतात, मॅडम." हशा थांबेना. हात मोजले : २१ विरुद्ध २१. (दोघंजण बॅरिकेडपाशी अडकली होती. मतदानाला आपले सदस्य हजर ठेवायचं काम असलेल्या पक्षप्रतोदांची झोप उडते ती उगाच नाही.)

मला तर पर्वणीच. अध्यक्ष एरवी मत देत नाहीत, पण समसमान मतं पडली तर निर्णायक मत त्यांचं, अनुच्छेद १८९. आणि ते मत शक्यतो आहे ती स्थिती राखायला द्यावं, असा जुना संसदीय संकेत. मॉनिटर सावरून बसला.

"पण मॅडम, याला निवडलं कोणी?"

"मी नेमलं."

"मग हा मुख्यमंत्री कसा? हा तर राज्यपाल झाला! राज्यपालावर अविश्वास ठराव येते का?"

नाही येत. राज्यपालांना राष्ट्रपती नेमतात, आणि त्यांची मर्जी असेतोवर ते पदावर राहतात. हे मीच शिकवलं होतं. मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार. आमचा मॉनिटर फक्त मला. म्हणजे ठरावच गैरलागू, आणि खरा जाब द्यायचा तो मी. इतक्या वर्षांत पाठ्यपुस्तकातला फरक कुणी असा अंगावर आणला नव्हता. राष्ट्रपती व्हायची मला हौस नव्हती. शनिवारी गुप्त मतदानाने निवडणूक, असं जाहीर करून टाकलं.

मॉनिटर हळूच उठला. "मॅडम, मी उभा राहू शकतो ना?"

मी बोलायच्या आत मागून आवाज आला, "राह्य ना. पहिले खडू दे."