वितळलेली बाजू

आज पुन्हा तेच. ऑफिसात डब्यानंतर पेरू कापायला ऐटीत काकांचा तो अनेक पात्यांचा स्विस चाकू काढला आणि उघडला काय, तर डबा फोडायचा ओपनर. सगळे हसले, मीही हसलो. सकाळी पार्सलची चिकटपट्टी कापतानाही हेच झालं होतं. इतकी वर्षं बोलता बोलता, न बघता पातं उघडत आलोय. आता चष्मा लावून बघावं लागतं.

कारण कळतंय. जुन्या लाल मुठीला एका बाजूने वितळल्याचा डाग होता. स्टोव्हपाशी मीच ठेवला होता तो, काका काही बोलले नव्हते. बोलले असते तर बरं झालं असतं... जाऊ दे. त्या खडबडीत जागेवर अंगठा टेकला की पात्याची खाच आपोआप नखाखाली यायची. हे इतक्या वर्षांत कधी ध्यानातच आलं नाही.

आणि तक्रार कुणाकडे करणार? नवी लाकडी मूठ बसवायला हौसेने सावंतवाडीला घेऊन गेलो मीच. २०२१ च्या तौक्ते वादळात खळ्यातला फणस पडला, त्याची फळी माळ्यावर होती. तिचा तुकडाही मीच नेऊन दिला.

चितारआळीतल्या त्या कारागिरांचं रोजचं काम लाकडी फळांचं. चाकू हातात घेऊन त्यांनी आधी एकेक पातं उघडून मिटून कानाशी आवाज ऐकला. मुठीच्या पट्ट्या पितळी रिव्हेटच्या डोक्यांवर नुसत्या दाबून बसवलेल्या असतात, हे मला त्या दिवशी कळलं. पातळ पत्रा सरकवून त्यांनी त्या टक्कन उचकटल्या. जेमतेम ९१ मिलिमीटरची वस्तू. तिच्या मापाच्या फणसाच्या पट्ट्या, आतून रिव्हेटच्या डोक्यांपुरते खळगे, कडांना गोलाई, वरून जवसाचं तेल. रंग हळदीसारखा. "वर्सभरान तपकिरी होतला," म्हणाले. दात कोरायची काडी कधीचीच हरवली होती, म्हणून तिची फट नको म्हणालो. "घर आसा म्हटल्यावर माणूस व्हयोच," म्हणत त्यांनी फट तर पाडलीच, वर बांबूची काडी तासून आत सरकवली.

इतकं देखणं काम. दोन्ही बाजू सारख्याच गुळगुळीत. तेच तर दुखणं आहे.

जुन्या पट्ट्या त्यांनी कागदात गुंडाळून परत दिल्या होत्या. काल रात्री पुडी सोडून त्या डागावर अंगठा ठेवून पाहिला. नुसतं वितळलेलं प्लास्टिक. डोळे भरून आले, ते डागासाठी की काकांसाठी, देव जाणे. मग आरशात स्वतःकडे लक्ष गेलं. पन्नाशीचा बाप्या, रात्री साडेअकराला, हातात प्लास्टिकचा तुकडा. पुडी बांधून टाकली.

संध्याकाळी वहिनीने पाठवलेल्या कुयऱ्या, म्हणजे कोवळे फणस, आल्या. घरात विळी असताना मी चाकू काढला. ही काही बोलली नाही, फक्त बघितलं. पहिल्या झटक्यात ओपनर, दुसऱ्यात पातं. हाताला खोबरेल चोपडलं, मुठीला लावायचं राहून गेलं. मग काय, फणसाच्या मुठीला फणसाचाच चीक! पुसून पुसून एका बाजूचा निघाला. दुसऱ्या बाजूला अंगठा अजून अडकतोय.

"रॉकेलने जाईल," ही म्हणाली.

आता रॉकेल कुठे मिळतं?