२९० वॅटच्या डेस्कटॉपला ग्राफिक्स कार्ड बसवताना: माझा अनुभव

सोलापूरच्या पूर्व भागात आमचा टेरी टॉवेलचा लहानसा कारखाना असून, तेथील बिले, जीएसटी आणि पगारपत्रक ही सारी कामे एका जुन्या ब्रँडेड डेस्कटॉपवर चालतात. २०१३ साली बाजारात आलेला इंटेलचा कोअर आय-५ ४५७० प्रोसेसर, मिनी टॉवर कॅबिनेट आणि २९० वॅटचा पॉवर सप्लाय (आतल्या भागांना वीज देणारा डबा) असलेले हे यंत्र बिलांसाठी आजही पुरेसे आहे. परंतु अलीकडे बाहेरगावचे व्यापारी नमुन्याच्या फोटोऐवजी मालाचा व्हिडिओ मागू लागले, आणि मोबाइलवर फोरकेमध्ये घेतलेले चित्रण एडिट करताना हा संगणक जागच्या जागी थिजू लागला. मोबाइल हे चित्रण एच.२६५ या व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीने साठवतो. या प्रोसेसरमधील एचडी ४६०० ग्राफिक्समध्ये ते उलगडण्यासाठी स्वतंत्र सर्किटच नसल्यामुळे बहुतेक भार प्रोसेसरच्या चार कोअरवर येतो. एवढ्या कामासाठी नवा संगणक घेणे परवडण्यासारखे नव्हते, म्हणून ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे चित्र आणि व्हिडिओचे काम सांभाळणाऱ्या जादा कार्डावर, भागते का, हे पाहायचे ठरवले.

नवी पेठेत संगणक दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या मुलाला विचारले, तेव्हा त्याने कार्डाचे नावही घेतले नाही. तो म्हणाला, “मालक, स्लॉट सगळीकडं सारखाच असतोय. आधी सप्लायवरचं स्टिकर वाचून या, मग कार्डाचं बोलू.” त्याचे म्हणणे खरे होते. पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे मदरबोर्डवर (संगणकाच्या मुख्य बोर्डावर) कार्ड बसवण्याच्या स्लॉटच्या, पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात; चौथ्या पिढीचे कार्ड तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसते आणि त्या स्लॉटच्या वेगाने चालते. खरी अडचण विजेची असते. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक हवे असल्यास सप्लायमधून सहा पिनची वेगळी वायर लागते, जी आणखी ७५ वॅट देते, किंवा आठ पिनची, जी १५० वॅट देते. आमच्या सप्लायला यांपैकी एकही वायर नव्हती. सप्लायच बदलावा म्हटले, तर मदरबोर्डला जाणारा त्याचा कनेक्टर बाजारातल्या नेहमीच्या २४ पिनच्या कनेक्टरपेक्षा वेगळा निघाला, आणि ऑफिससाठी बनवलेल्या अनेक ब्रँडेड संगणकांत हीच गोष्ट असते. साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) वायरला जोडून सहा पिन काढून देणारे अडॅप्टर स्वस्तात मिळतात, पण साटाच्या कनेक्टरची १२ व्होल्टवरची क्षमता साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट आहे; त्यातून ७५ वॅट ओढणे म्हणजे प्लास्टिक वितळायला आमंत्रण देणे. जिथे सूत तिथे ठिणगी नको, एवढी समज आमच्या धंद्यात प्रत्येकाला असते, त्यामुळे तो विचार तिथेच सोडला.

अर्थात वेगळ्या वायरीशिवाय चालणारी कार्डेच पाहायची होती, आणि निवड अवघड होते ती इथेच. एएमडीचे आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅटचे असल्यामुळे ते पहिल्या नजरेत भरले. परंतु त्यात व्हिडिओ एन्कोड करण्याचे, म्हणजे दाबून अंतिम फाइल बनवण्याचे, हार्डवेअरच नाही, शिवाय ते स्लॉटच्या चारच लेन (माहिती वाहणाऱ्या वाटा) वापरते, त्यामुळे तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर त्याची गती कमी पडते. गेम खेळणाऱ्याला ते चालून जाईल, आमच्या कामाला ते निरुपयोगीच. इंटेलचे आर्क ए३८० एन्कोडिंगसाठी उत्तम, पण त्याला रिसायझेबल बार ही (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) मदरबोर्डची सोय लागते आणि इंटेल स्वतः त्यासाठी दहाव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर सांगते. आमचा चौथ्या पिढीचा. सेकंडहँड बाजारात जीटीएक्स १०५० टीआय भरपूर मिळते, मात्र एनव्हिडियाने त्या पिढीचे नियमित ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) २०२५ मध्ये थांबवले. जीटीएक्स १६५० ची काही मॉडेले सहा पिनची वायर मागतात, काही मागत नाहीत, तेव्हा फोटोत कार्डाची वरची कड, जिथे ही वायर जोडायची जागा असते, नीट पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

शेवटी एनव्हिडियाच्याच आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे मॉडेल घेतले. ते २०२४ मध्ये आले आणि ७० वॅटमध्ये चालते. इथे एक सावधगिरी हवी: याच नावाचे ८ जीबीचे कार्ड १३० वॅटचे असून त्याला वेगळी वायर लागते. नाव तेच असल्यामुळे विक्रेत्याच्या शब्दावर न जाता खोक्यावरील मेमरीचा आकडा आणि कार्डाची कड दोन्ही तपासून घेतली. बेरीजही करून पाहिली: प्रोसेसरचे ८४, कार्डाचे ७०, आणि हार्ड डिस्क, पंखे व बोर्ड यांचे धरून एकूण दोनशेच्या आसपास वॅट होतात. २९० मध्ये ते सामावतात, मात्र सप्लाय जुना असल्याने याहून पुढे जायची माझी तयारी नव्हती.

कॅबिनेट उघडले तेव्हा प्रोसेसरच्या पंख्यामागील ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर कापसाच्या तंतूंचा करडा थर नमद्यासारखा घट्ट बसलेला होता. ब्लोअरने तो उडाला नाही, चिमट्याने सोलून काढावा लागला. कार्ड दोन स्लॉटच्या जाडीचे असल्यामुळे शेजारचे वायफाय कार्ड काढून त्याऐवजी यूएसबीचे लावले. कार्ड बसवण्याआधी बायोसचे (संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरचे) शेवटचे अपडेट टाकून घेतले होते. मॉनिटर मात्र जुना, फक्त व्हीजीए या ॲनालॉग जोडणीचा, आणि हल्लीच्या कार्डांतून ॲनालॉग सिग्नल निघतच नाही. त्यासाठी सिग्नल बदलणारा एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घ्यावा लागला. साधी वायर इथे उपयोगी नाही.

एडिटिंग आता अडत नाही आणि व्हिडिओची अंतिम फाइल चहा होईपर्यंत तयार होते. इफेक्ट आणि मोठी अक्षरे टाकली की प्रोसेसरच अडतो, तिथे कार्डाचा इलाज नाही. हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे बँकेचे व्यवहार दुसऱ्या लॅपटॉपवर हलवले आहेत. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर जातो, म्हणून कार्डाचे तापमान दाखवणारी खिडकी स्क्रीनच्या कोपऱ्यात उघडी ठेवतो आणि दर महिन्याला कॅबिनेटमधले तंतू काढतो.