तुम्ही विचारलंत म्हणून: पोटातले जिवाणू आणि मन

"पोटातल्या जंतूनं डोक्सं बिघडते का जी?" यवतमाळ जिल्ह्यातील माझ्या दवाखान्यात हा प्रश्न वारंवार येतो आणि विचारणाऱ्याच्या हातात बहुधा मोबाइलवर पाहून मागवलेली प्रोबायोटिकची, म्हणजे उपयोगी जिवाणूंची, पुडी असते. संबंध खरा आहे, मात्र पुडीवर छापला आहे तितका सरळ नाही.

तो संबंध मी सर्वांत स्पष्ट पाहिला तो यकृताच्या आजारात. एका मुलाने वडिलांना ऑटोतून आणले होते; ते दिवसा झोपत, रात्री जागत, सदऱ्याच्या गुंड्या वरखाली लावत आणि मुलालाच "तू कोण?" म्हणून विचारत. हात समोर धरायला सांगितले, तर पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडत होते. चार दिवस शौचाला झाले नव्हते. आतड्यातील जिवाणू प्रथिनांपासून अमोनिया तयार करतात. धडधाकट यकृत त्याचे युरिया करून टाकते, पण थकलेल्या यकृताला ते जमत नाही आणि अमोनिया रक्तावाटे मेंदूत पोहोचतो. लॅक्ट्युलोजचे गोड औषध सुरू केले. ते आतड्यात आम्लता वाढवून अमोनियाला तिथेच अडकवते आणि पोट साफ करते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला नावाने हाक मारून वेचणी कुठवर आली ते विचारले, तेव्हा त्या मुलाइतकाच मीही हेलावलो.

नैराश्याबाबत मात्र इतके ठाम बोलता येत नाही. मनःस्थितीशी जोडले जाणारे रसायन म्हणजे सेरोटोनिन; शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होते हे खरे असले, तरी ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. म्हणून 'आनंद पोटात तयार होतो' हे वाक्य मला दिशाभूल करणारे वाटते. २०११ साली आयर्लंडमधील कॉर्क येथील संशोधकांनी उंदरांना एक लॅक्टोबॅसिलस जिवाणू दिला, तेव्हा त्यांची भीती कमी झाली. पोटाकडून मेंदूकडे निरोप नेणारी व्हेगस नस कापल्यावर तो परिणाम दिसेनासा झाला. पुढे त्याच गटाने तोच जिवाणू निरोगी पुरुषांना दिला, पण त्यांच्यात फरक पडला नाही. बेल्जियममधील २०१९ च्या अभ्यासात नैराश्य असलेल्यांच्या पोटात काही जिवाणू कमी आढळले खरे, पण ज्याला घासच नकोसा झाला आहे, जो समोरची भाकर मोडत नाही, त्याच्या पोटातील जिवाणूही बदलणारच. आधी काय आणि मग काय, हे अशा एका मोजणीतून ठरत नाही.

म्हणूनच ताक, ज्वारीच्या कण्या, डाळी, अंबाडीची भाजी अवश्य खा. तंतुमय अन्नावर आतड्यातील उपयोगी जिवाणू पोसले जातात. पण मनाच्या आजाराच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. गेल्या महिन्यात एक शेतकरी पत्नीच्या गोळ्या सोडवून पुडी सुरू करावी का, असे विचारायला आला होता. हे सारे मी त्याला सांगितले. गोळ्यांची पट्टी त्याने पुन्हा खिशात ठेवली आणि निघताना, "ताक तं रोज देऊ नं जी?" एवढे दोनदा विचारून घेतले.