ओ देणारे

कॉलेजात सकाळी साडेसातच्या तासाला मी मित्राच्या नंबरावर जरा घोगऱ्या आवाजात "हजर" म्हणायचो. दर हजेरीला एक कटिंग, असा आमचा करार होता. ही कला आमच्याच पिढीची, असं मला बरीच वर्षं वाटायचं. पण इजिप्तच्या राजांनी ती पार परलोकापर्यंत नेली होती.

तिथल्या थडग्यांत मेलेल्याच्या बदली ओ द्यायला ठेवलेल्या वीतभर बाहुल्या सापडतात, त्यांना उशब्ती म्हणतात. या शब्दाचा एक अर्थ लावतात तो 'ओ देणारा'. मेल्यावर तरी सुटका होते म्हणावं, तर नाही! नाइलच्या काठी जिवंतपणी वेठीची कामं, तशीच तिकडेही. शेतं कसायची, पाणी द्यायचं, पूर्वेची वाळू पश्चिमेला वाहायची. (कशासाठी, ते विचारू नये. सरकारी काम दिसतंय.) पुकारा झाला की बाहुलीने "हा मी आलो" म्हणायचं, असा मंत्र तिच्या अंगावरच कोरलेला असतो. निळ्या-हिरव्या झिलईची, ममीसारखी गुंडाळलेली मूर्ती. छातीवर दोन्ही हातांत कुदळी आणि पाठीवर टोपली.

इजिप्तचा राजा तुतनखामुन पोरवयात गेला. १९२२ साली त्याचं थडगं उघडलं तेव्हा त्यात असे ४१३ बदली कामगार निघाले. दिवसाला एक म्हणून ३६५, दर दहाजणांवर एक याप्रमाणे ३६ मुकादम आणि वर महिन्याला एक असे आणखी १२. मजुरांवर मुकादम आणि मुकादमांवरही मुकादम! काही बाहुल्या तर सेनापती नख्तमिन आणि खजिनदार माया यांनी भेट दिलेल्या. आपण आहेर करतो, त्यांनी मजूर दिले. पुढच्या काळातल्या मुकादमांच्या हाती चाबूक आला. मजूर ममीच्या गुंडाळीत आणि मुकादम तेवढा जिवंत माणसाच्या कपड्यांत. हे ज्याने घडवलं त्याने साइटवर दिवस काढलेले असणार.

मला सगळ्यांत आवडते ती नेसखोन्सची गोष्ट. ही इजिप्तमधल्या थेब्ज शहराच्या मुख्य पुरोहिताची बायको. तिच्या उशब्तींसाठी खुद्द आमून देवाचा हुकूम लिहून ठेवलाय: घडवणाऱ्यांचे पैसे चुकते झालेत, तेव्हा यांनी बिनतक्रार तिचं काम करावं. म्हणजे उधारीवर आणलेली बाहुली तिकडे ओ देईल की नाही, ही धास्ती होतीच.

माझ्या मित्राकडे दुसऱ्या सत्राचे सगळे चहा अजून बाकी आहेत.